विटा झेलणारे मांजर

व्यंगचित्रकाराला जुन्या कॉमिक्सचा लळा असणे यात नवल नाही. आर्ट स्पीगलमनचा लळा मात्र आम्हांस वेगळा वाटतो. आईवडील ऑशविट्झमधून वाचलेले. त्यांची कहाणी 'माउस'मध्ये मांडणाऱ्या या चित्रकाराला १९९२ साली विशेष पुलित्झर मिळाले. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे मनोरे त्याच्या घराजवळच कोसळले. त्या धक्क्यात त्याने आधार घेतला तो शंभर वर्षांपूर्वीच्या रविवारच्या चित्रमालिकांचा! २००४ च्या 'इन द शॅडो ऑफ नो टॉवर्स'मध्ये 'कॅटझेनजॅमर किड्स'ची वांड पोरे डोक्यावर जळते मनोरे घेऊन पळतात. तो स्वतः कधी हॅपी हूलिगन होतो. हा हूलिगन म्हणजे डोक्यावर पत्र्याचा डबा घातलेला भणंग. मदत करायला जातो आणि पोलीस त्यालाच धरतात. वकिली करणाऱ्या आम्हांस हे अशील नवे नाही.

त्या जुन्या कॉमिक्समध्ये काळ्या माणसांची विटंबनाही भरपूर होती, हे विसरून चालणार नाही. अन् त्याच पानांवर 'क्रेझी कॅट' काढणारा जॉर्ज हेरिमन होता! जन्म १८८०, न्यू ऑर्लिन्स. जन्मनोंदीत 'कलर्ड'. १९४४ साली मरेपर्यंत तो गोरा म्हणूनच वावरला. नोंद उजेडात आली १९७१ मध्ये. खोलीसाठी आडनाव लपवावे लागलेल्या आपल्या माणसांना हे उलगडून सांगायला नको. त्याच्या मालिकेत उंदीर काळ्या मांजराला विटा मारतो, आणि मांजर ते प्रेम समजते. एकदा तेच मांजर ब्यूटी पार्लरमधून गोरे होऊन येते. उंदीर चटकन प्रेमात पडतो. ओळख पटताच पुन्हा वीट.