वारसा अंगकाठीचा

एकाच पंगतीला बसून सारखेच जेवणाऱ्या दोन सख्ख्या भावंडांपैकी एकाच्या अंगावर मेद चढतो, तर दुसऱ्याला ‘खाल्लेले अंगाला लागत नाही’, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. हा भेद केवळ सवयींचा नव्हे. १९८६ साली डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांचा बांधा पालनकर्त्यांशी नव्हे, तर जन्मदात्या आईवडिलांशी जुळतो, असे त्यात आढळले. स्थूल माणसाला ‘खादाड’ म्हणून हिणविण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावयास हवे.

हा वारसा शरीरात काम तरी कसा करतो? २००७ साली इंग्लंडमधील संशोधकांनी सुमारे ३९ हजार लोकांच्या तपासणीतून ‘एफटीओ’ नावाच्या जनुकातील एक फरक उजेडात आणला. आई व वडील या दोघांकडूनही तो फरक आलेल्या प्रौढांचे वजन, तो मुळीच नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोंनी अधिक भरले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील मुलांच्या अभ्यासात असे दिसले की, हा फरक असलेली मुले ऊर्जा कमी खर्च करीत नाहीत; ती अधिक ऊर्जा देणारे पदार्थ खातात. म्हणजे जनुकाचा प्रभाव येथे खाण्याच्या ओढीतून प्रकट होतो. असे शेकडो फरक आज ठाऊक आहेत व त्यांपैकी बहुतेकांचा एकेकटा परिणाम अल्पच असतो.

परंतु मेद किती, याइतकेच तो कोठे साठतो, यालाही महत्त्व आहे. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन रक्तातील साखर स्नायूंच्या व मेदाच्या पेशींत पोहोचविते. पोटात व यकृतात मेद साचला की, शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देईनासे होते. यालाच इन्शुलिन-प्रतिरोध म्हणतात. स्वादुपिंड काही काळ जादा इन्शुलिन पुरविते. ते थकले की मधुमेह प्रकट होतो. २००८ साली लंडनमधील भारतीय वंशाच्या लोकांत ‘एमसीफोरआर’ या जनुकाजवळील एका फरकाचा कमरेच्या घेराशी व इन्शुलिन-प्रतिरोधाशी संबंध आढळला. हा फरक युरोपीयांपेक्षा त्यांच्यात अधिक प्रमाणात होता.

याच संदर्भात पुण्यात झालेले काम आपल्या विशेष परिचयाचे असावयास हवे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली. इकडची बालके सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची. इकडच्यांचे स्नायू कमी. त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून होता. २००४ साली डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे. पण शरीरातील मेद डॉ. युडकिनांचा ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांचा २१.२ टक्के! वजनकाट्याला हे कळावे कसे?

याचा सारा दोष जनुकांच्या माथी मारता येणार नाही. गर्भावस्थेत मिळालेल्या पोषणाचाही त्यात वाटा असतो. शिवाय जनुकाचा प्रभाव अटळ नसतो. २०११ साली २ लक्ष १८ हजार प्रौढांच्या माहितीवरून असे दिसले की, शरीराला पुरेशी हालचाल असलेल्यांत ‘एफटीओ’मुळे स्थूल होण्याचा संभव सुमारे २७ टक्क्यांनी घटतो.

ज्यांच्या घराण्यात मधुमेह आहे, त्यांनी किडकिडीत बांध्याच्या भरवशावर राहू नये. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांच्या आत असावा. रक्तातील साखर वैद्यकीय सल्ल्याने वेळोवेळी तपासून घ्यावी. रोज चालण्याचा परिपाठ ठेवावा. आणि घरातील लेकी-सुनांच्या गरोदरपणात त्यांच्या ताटात काय पडते, याकडे सर्वांनीच लक्ष द्यावे. पुढच्या पिढीच्या अंगकाठीची घडण तेथूनच सुरू होते.