मासे मरतात म्हणून तळ्यात प्रतिजैविके?

उजनीची चिलापी वालचंदनगरकरांना नवी नाही. या माशाला मारणारा ‘टिलापिया लेक’ विषाणू २०१४ मध्ये इस्रायलमध्ये ओळखला गेला. २०१८ मध्ये भारतातूनही नोंद झाली.

माशाची पेशी विषाणू ओळखते ती ग्राही प्रथिनांमुळे. त्यांची जनुके जन्मजात असतात. ‘टीएलआर-३’ माणसातही असते, ‘टीएलआर-२२’ नसते. विषाणूचा दुपदरी आरएनए आढळताच ही प्रथिने इशारा देतात, इंटरफेरॉन तयार होते. भुवनेश्वरच्या ‘सिफा’ संस्थेत रोहूच्या टीएलआर-२२ जनुकात क्रिस्पर तंत्राने बदल करून अभ्यास झाला आहे.

विषाणूवर प्रतिजैविके मात्र निरुपयोगी. तळ्यात टाकली, तर औषधाला दाद न देणारे जिवाणू वाढतात. तेच उद्या आमच्या रुग्णांत दिसू शकतात. त्यापेक्षा खात्रीचे बीज, कमी दाटी, स्वच्छ पाणी सांभाळा. मासे मरू लागले, तर आधी तपासणी करून घ्या.