मेंदी जाते, गोंदण राहतं

परवा जळगावला पुतणीचं लग्न होतं. आदल्या दिवशी मेंदीचा कार्यक्रम. आमच्या लहानपणी खानदेशातल्या लग्नात मान हळदीचा. मेंदीसाठी वेगळा दिवस नसे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी पाट्यावर पाला वाटत, तळव्यावर एक वाटोळा ठिपका देत, बोटांची टोकं रंगवीत, की झालं. आता कोनातून कोपरापर्यंत नक्षी उतरते आणि तिच्यात नवऱ्या मुलाचं नाव दडवलेलं असतं. ते त्याने शोधायचं. आमच्या जावईबापूंना काही केल्या सापडेना. शेवटी पुतणीच ओरडली, "अरे, अंगठ्याखाली बघ ना!"

सगळे हसले. मला मात्र दुसराच एक हात आठवला.

१९८८ साली मी धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यात बँकेच्या शाखेत होतो. एक बाई मयत नवऱ्याच्या बचत खात्यातले पैसे मागायला आली. ठेवींवर वारसाचं नाव लावण्याची सोय १९८५ साली झाली होती. पण या जुन्या खात्यावर कुणाचंच नाव नव्हतं. फॉर्म भरताना मी विचारलं, "घरधन्याचं नाव?" बाई गप्प. पुन्हा विचारलं. तिने पदर सावरून हात टेबलावर ठेवला. "नाव कसं लेऊ सायेब? आठे देखी ल्या."

मनगटाच्या वर हिरवट पडलेली तीन अक्षरं गोंदलेली होती. जे नाव ओठांवर आणायचं नाही, ते जन्मभर कातडीवर!

घोटाळा असा, की गोंदलेलं नाव घरातलं आणि खातं कागदोपत्री नावाने. मी तिला दाखल्यासाठी परत पाठवलं. एकदा नव्हे, तीनदा. नियमाने माझं बरोबरच होतं. पैसे तिला मिळाले. पण तो हात काही माझ्या डोळ्यांपुढून गेला नाही.

मेंदी रंगते ती कातडीच्या वरच्या थरात. तो थर झडला, की दोन-तीन आठवड्यांत रंग गेला. गोंदणारीण सुया एकत्र बांधून काजळी त्याच्या खालच्या थरात टोचते; ती तिथेच मुरते. रिवाजही तसेच पडले. मेंदी सौभाग्याची, विधवेने तिला शिवायचं नाही. गोंदण मात्र कुणाला काढून घेता येत नसे. त्या बाईचं कुंकू पुसलं होतं, बांगड्या गेल्या होत्या, नाव होतं. "दागिने इथंच राहतात, बरोबर येतं ते गोंदण," असं माझी आई म्हणायची.

म्हणून गोंदणाचे गोडवेच गावेत असंही नाही. आई सात वर्षांची असताना दोघींनी तिचे हात दाबून धरले होते. तिला विचारलं कुणी होतं?

लग्नानंतर महिन्याने पुतणी भेटली. मेंदीचा मागमूस नव्हता. म्हणाली, "काका, आजीच्या हातावर तुळस होती ना? तशी मला गोंदवून घ्यायचीय."

"आणि नवऱ्याचं नाव?"

"ते कशाला? दिवसातून दहादा हाक मारते की मी त्याला!"

मी आईचे सगळे फोटो काढले. प्रत्येकात हात पदराखाली. शेवटी आठवून आठवून कागदावर मीच तुळस काढली. पानं पाच होती की सात, एवढंच काही ठरेना.