इंधन घटातील कार्बनाधारित उत्प्रेरक

इंधन घटातील कार्बनाधारित उत्प्रेरक म्हणजे हायड्रोजन इंधन घटात प्लॅटिनमऐवजी वापरता यावेत म्हणून विकसित केले जाणारे, मुख्यत्वे कार्बनाचे बनलेले पदार्थ होत. त्यांचे दोन प्रमुख गट आहेत : नायट्रोजनासारखी मूलद्रव्ये मिसळलेले धातुविरहित कार्बन आणि लोह किंवा कोबाल्ट यांचे विखुरलेले अणू धारण करणारे धातू-नायट्रोजन-कार्बन उत्प्रेरक.

पार्श्वभूमी

विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास तयार केलेल्या आद्य इंधन घटात प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरल्या होत्या. आजच्या प्रोटॉन विनिमय पटल घटातही प्लॅटिनमच लागते, मात्र ते काही नॅनोमीटर आकाराच्या कणांच्या रूपात काजळीसारख्या कार्बनावर पसरलेले असते. ॲनोडवर हायड्रोजनाचे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन पटलातून, तर इलेक्ट्रॉन बाहेरील मंडलातून कॅथोडकडे जातात आणि तेथे ऑक्सिजनाशी संयोग होऊन पाणी तयार होते.

यांपैकी हायड्रोजनाची अभिक्रिया अतिशय जलद असल्याने ॲनोडला अल्प प्लॅटिनम पुरते. ऑक्सिजनाचे क्षपण मात्र मंद असते, कारण ऑक्सिजन रेणूतील मजबूत दुहेरी बंध तोडून त्याला चार इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. २५ अंश सेल्सिअस तापमानाला घटाचा सैद्धांतिक विभव १.२३ व्होल्ट असला, तरी उपयुक्त विद्युतप्रवाह घेताना तो साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टपर्यंत उतरतो. या घटीचा मोठा वाटा कॅथोडवरील मंद अभिक्रियेचा असतो. म्हणून घटातील बहुतांश प्लॅटिनम कॅथोडवर खर्च होते आणि पर्यायाचा शोधही प्रामुख्याने तेथेच चालतो. प्लॅटिनम महाग आहे आणि खाणीतून मिळणाऱ्या जागतिक उत्पादनाचा सुमारे ७० टक्के भाग एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतो. त्यामुळे किमतीइतकाच पुरवठ्याचा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

कार्यपद्धती

शुद्ध ग्राफाइट ऑक्सिजनाच्या क्षपणासाठी जवळजवळ निष्क्रिय असतो. त्याच्या षटकोनी जाळीत काही कार्बन अणूंच्या जागी नायट्रोजन आला, की इलेक्ट्रॉनांची वाटणी असमान होते. नायट्रोजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे अधिक ओढतो, शेजारच्या कार्बनावर अंशतः धनप्रभार येतो आणि तेथे ऑक्सिजन रेणूला चिकटणे सोपे जाते. जाळीच्या कडेला असलेला, दोनच कार्बनांशी जोडलेला नायट्रोजन विशेष प्रभावी असल्याचे २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी ग्राफाइटच्या नमुन्यांवर दाखवले. दुसऱ्या गटात लोहाचा एकेक अणू चार नायट्रोजन अणूंच्या कोंदणात बसलेला असतो. रक्तातील हीमची मध्यवर्ती रचनाही अशीच असते.

इतिहास

रेमंड जॅसिन्स्की यांनी १९६४ मध्ये कोबाल्ट थॅलोसायनीन हे संयुग ऑक्सिजनाचे क्षपण घडवून आणते, असे दाखवले. अशी संयुगे कार्बनावर तापवल्यास अधिक टिकाऊ होतात, हे १९७० च्या दशकात आढळले. पुढे १९८९ मध्ये महागड्या संयुगांऐवजी पॉलिॲक्रिलोनायट्राइल व साधे धातुक्षार एकत्र तापवूनही असे उत्प्रेरक मिळवण्यात आले. २००९ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. लिमिंग दाई यांच्या गटाने नायट्रोजनयुक्त कार्बन नॅनोनलिका अल्कधर्मी माध्यमात प्लॅटिनमहून सरस असल्याचे मांडले, तर कॅनडातील जाँ-पोल दोदेले यांच्या गटाने आम्लधर्मी घटात प्लॅटिनमशी तुलना होईल असा लोहयुक्त उत्प्रेरक तयार केला. तथापि त्याची क्षमता लवकर घटत असे. २०११ मध्ये अमेरिकेतील लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेने पॉलिॲनिलीनपासून बनवलेला उत्प्रेरक ०.४ व्होल्टवर ७०० तास चालवला.

निर्मिती

कार्बन, नायट्रोजन व आवश्यक असल्यास धातूचा स्रोत एकत्र करून ते मिश्रण साधारणतः ७०० ते १,१०० अंश सेल्सिअसला निष्क्रिय वायूत किंवा अमोनियात तापवले जाते. नंतर आम्लाने धुऊन न बांधले गेलेले धातुकण काढून टाकतात. जस्तयुक्त सच्छिद्र संयुग वापरल्यास जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळून निघून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रांचे जाळे उरते.

‘धातुविरहित’ दाव्यावरील वाद

नॅनोनलिका वाढवताना लोहासारखे धातू वापरले जातात आणि ग्राफीन ऑक्साइड बनवताना पोटॅशियम परमँगनेट वापरले जाते. त्यामुळे धुतल्यानंतरही धातूचे अवशेष राहू शकतात. मार्टिन पुमेरा व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, की धातुविरहित म्हणवल्या जाणाऱ्या काही ग्राफीनांची क्षमता वस्तुतः अशा अवशेषांमुळे होती. तेव्हापासून अशा दाव्यांसोबत अवशेषांचे काटेकोर मोजमाप अपेक्षित असते.

मर्यादा

अल्कधर्मी माध्यमात हे उत्प्रेरक प्लॅटिनमच्या बरोबरीला येतात, परंतु प्रचलित घटांचे पटल आम्लधर्मी असते आणि तेथे त्यांची सक्रियता व टिकाऊपणा दोन्ही कमी पडतात. ऑक्सिजनाला चारऐवजी दोनच इलेक्ट्रॉन मिळाल्यास हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. लोहाच्या सान्निध्यात त्यापासून मूलके निर्माण होऊन पटल व उत्प्रेरक झिजतात. लोह विरघळून निघून जाणे व कार्बनाचे ऑक्सिडीकरण होणे ही झीज होण्याची अन्य कारणे आहेत. प्रत्येक सक्रिय स्थानाचे कार्य कमी असल्याने थरही जाड, म्हणजे प्लॅटिनमच्या सुमारे १० मायक्रोमीटरऐवजी १०० मायक्रोमीटरच्या आसपास, ठेवावा लागतो. अशा थरात ऑक्सिजन आत पोहोचणे आणि पाणी बाहेर पडणे अवघड होते. मोटारीच्या घटाकडून ५,००० तास किंवा अधिक आयुष्य अपेक्षित असते.

उपयोग आणि सद्यस्थिती

मिथेनॉलमुळे आणि प्लॅटिनमला निष्प्रभ करणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमुळे या उत्प्रेरकांवर फारसा परिणाम होत नाही, हा त्यांचा फायदा आहे. कॅनडाची बॅलार्ड व जपानची निस्शिंबो या कंपन्यांनी २०१७ मध्ये अशा उत्प्रेरकावर आधारित, कमी शक्तीचा घट जाहीर केला. मोटारींमध्ये मात्र अद्याप प्लॅटिनमच प्रचलित आहे. भारतात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नायट्रोजनयुक्त ग्राफीन व अन्य प्लॅटिनमविरहित उत्प्रेरकांवर संशोधन झाले आहे.