सहाच्या पाढ्यात अडकलेलं कल्याण

कोपरला ठाण्याकडे जाणारी धीमी लोकल पकडली की पुढचंच स्थानक दिवा. या दोन स्थानकांच्या मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेची हद्द संपून ठाणे महापालिकेची सुरू होते, पण खासदार बदलत नाही. मुंब्रा, कळव्यापर्यंत तो एकच. उलट दिशेने कल्याणला जाऊन पश्चिमेला बाहेर पडलं, तर महापालिका तीच, खासदार मात्र भिवंडीचा. कल्याण-डोंबिवली महापालिकेचं मुख्यालय आणि दुर्गाडी किल्ला, दोन्ही भिवंडी लोकसभा मतदारसंघात येतात. ‘कल्याण’ नावाच्या मतदारसंघात जुनं कल्याणच नाही म्हटल्यावर संशय राजकारणावर जातो. पण त्याआधी गणित तपासायला हवं.

महाराष्ट्रात लोकसभेच्या 48 आणि विधानसभेच्या 288 जागा, म्हणजे एका खासदारामागे सहा आमदार. विधानसभेचा एक मतदारसंघ फोडून दोन खासदारांत वाटायला कायद्याची मनाई आहे. 2008 च्या पुनर्रचनेत तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याला विधानसभेच्या 24 जागा मिळाल्या आणि त्यांचे पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे असे चार गट झाले. त्यांचे क्रमांक पाहिले की जोडकाम उघड दिसतं. 134 ते 139 भिवंडीचे, त्यात 138 म्हणजे कल्याण पश्चिम. पुढे अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण पूर्व, डोंबिवली, कल्याण ग्रामीण हे 140 ते 144. झाले पाचच. सहावा आहे 149, मुंब्रा-कळवा, ठाण्याच्या रांगेतून नेमका उचललेला.

यावर उत्तर ठरलेलं आहे: लोकसंख्या सारखी वाटायची तर रेघ कुठेतरी शहरातून जाणारच. ते मान्य. पण 2002 च्या परिसीमन कायद्याने लोकसंख्येबरोबर प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय यांचाही विचार करायला सांगितलं आहे. या कसोटीवर महापालिका वेगळी असूनही मुंब्रा-कळवा टिकतो, कारण डोंबिवलीशी त्याला लोकलने बांधलं आहे. अंबरनाथच्या पुढचंच बदलापूर मात्र मुरबाडमार्फत भिवंडीत जातं, आणि कल्याण पश्चिमही. दुर्गाडीच्या पुलावरून भिवंडीचा रस्ता आहे, असं कोणी म्हणेल, तो आहेच. पण कल्याणहून भिवंडीला थेट लोकल नाही. भिवंडी रोड स्थानक वसई-दिवा मार्गावर, आणि तो मार्ग मध्य रेल्वेला वरून ओलांडतो तो कोपरला. रुळांनी भिवंडीशी जोडलेलं कोपर कल्याण मतदारसंघात आणि न जोडलेलं कल्याण पश्चिम भिवंडीत, असा हा उलटा हिशेब.

शिवाय ही आखणी 2001 च्या जनगणनेवर उभी आहे. जर्मनीत 299 मतदारसंघांवर कायमस्वरूपी आयोगाची नजर असते. सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त फरक पडू नये आणि 25 टक्क्यांपुढे गेला की फेरआखणी करायचीच, असा तिथला नियम. स्थानिक हद्दी शक्यतो मोडायच्या नाहीत, असाही. सतत रेघा हलल्या तर मतदार आणि खासदार यांची ओळखच जमत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण वेगाने वाढणाऱ्या उपनगरांत जवळपास दोन दशकं न हललेली रेघ स्थैर्यापेक्षा शिळेपणच दाखवते.

आपल्याकडे जागांची संख्या 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. त्यानंतर परिसीमन आयोग मसुदा काढेल, तेव्हा ‘कल्याण पश्चिम आम्हाला द्या’ एवढं म्हणून भागणार नाही. ते घेतलं तर भिवंडीत पाच उरतात. बदल्यात मुंब्रा-कळवा सोडला तर ठाण्यात सात होतात. म्हणून हरकत घ्यायची ती आधी विधानसभेच्या रेघांवर, आणि अंतिम आदेश निघण्यापूर्वी, कारण त्या आदेशाला कायद्याचं बळ येतं. लोकसभेची हद्द त्या सहा तुकड्यांच्या बाहेर जाऊच शकत नाही.