गेमिंग पीसीचा प्रोसेसर बदलायचाय? आधी बोर्ड बघा, मग बाजार

बऱ्हाणपूर : गेम मध्येच अडकतो, चित्र धक्के खात चालतं आणि घरात तगादा सुरू होतो, "पप्पा, प्रोसेसर बदलायचाय." केळीचा पैसा हातात आला किंवा लूमच्या कमाईतून चार पैसे बाजूला पडले की हा विषय निघतोच. मग कुणी गावातल्या दुकानात विचारतं, कुणी खंडवा-इंदूर नाहीतर भुसावळ-जळगाव गाठतं. बऱ्याच ठिकाणी एकच उत्तर मिळतं : "जुना काढा, पूर्ण सेट नवा घ्या." म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, रॅम सगळंच. खर्च एकदम दुप्पट-तिप्पट होतो. पुष्कळदा त्याची गरजच नसते.

दोष खरंच प्रोसेसरचा आहे का?

पॉवरलूम कितीही वेगात चालवा, कांड्या वेळेवर भरून आल्या नाहीत तर लूम थांबूनच राहतो. गेमचंही तसंच आहे. खेळाडू कुठे आहे, गोळी कुठे लागली, समोर काय दिसायला हवं, हा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डचं. दोघांपैकी जो मंद, त्याच्या चालीने गेम चालतो.

मंद कोण, हे घरबसल्या कळतं. गेम सुरू असताना विंडोज आणि जी ही बटणं एकत्र दाबली की कामगिरी दाखवणारी पट्टी उघडता येते. ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या पुढे असेल, तर ओझं कार्डावर आहे. प्रोसेसर बदलून फार काही मिळणार नाही. कार्ड ५०-६० टक्क्यांवरच रेंगाळत असेल आणि फ्रेमही कमी पडत असतील, तर संशय प्रोसेसरवर घ्यायला जागा आहे. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्केच दिसतोय म्हणून फसू नका. बरेचसे गेम दोन-चार कोअरवरच सगळा भार टाकतात; बाकीचे कोअर बसून असतात.

आणखी एक साधी कसोटी आहे. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम वाढल्या तर अडचण कार्डाची. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या तर अडचण प्रोसेसरची, नाहीतर रॅमची.

खिशात हात घालण्याआधी

इथल्या उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे असतो आणि लूमच्या वस्तीत कापसाचे बारीक तंतू हवेत उडत असतात. ते पंख्यात आणि हीटसिंकमध्ये अडकले की हवा खेळत नाही. प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. अशा वेळी नवा प्रोसेसर नाही, ब्रश आणि नवी थर्मल पेस्ट लागते.

रॅमही तपासा. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावून बघा. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की प्रोसेसरला माहिती लवकर मिळते आणि कित्येकदा गेमचे धक्के तिथेच थांबतात. मॉनिटरही बघून घ्या. तो ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ६० च्या वर चित्रं दाखवूच शकत नाही.

सॉकेट जुळलं तर निम्मं काम झालं

एवढं करूनही प्रोसेसरच कमी पडत असेल, तर पहिला प्रश्न बोर्डाचा. प्रत्येक प्रोसेसर ठराविक सॉकेटमध्येच बसतो.

एएमडीचं एएम४ सॉकेट या बाबतीत ग्राहकाच्या सोयीचं ठरलं. २०१७ मध्ये आलेला पहिला रायझन आणि नंतरची ५००० मालिका एकाच सॉकेटमध्ये बसते. २०२२ मध्ये कंपनीने ३०० मालिकेच्या जुन्या बोर्डांनाही ५००० मालिका चालवायची वाट मोकळी केली. म्हणजे घरात रायझन ५ १६०० असेल, तर त्याच बोर्डावर, त्याच रॅमवर रायझन ५ ५६०० चालू शकतो. दोन्हींत कोअर सहाच, पण गेममधला फरक लगेच जाणवतो. मात्र बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलची यादी बघूनच पैसे मोजा.

बायोस आधी अपडेट करायचं, जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच. ते काम यूपीएसवर करा. मध्येच लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो.

इंटेलमध्ये सॉकेट लवकर बदलतं. दहावी-अकरावी पिढी एलजीए १२०० वर, बारावी ते चौदावी एलजीए १७०० वर. आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर तर सहाव्या-सातव्याच्या बोर्डात बसल्यासारखा दिसतो, पण अधिकृतपणे चालत नाही.

एएमडीच्या नव्या एएम५ बोर्डावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीने रॅमचे भाव जगभर चढले. त्यामुळे जुनी डीडीआर४ रॅम कामी येत असेल तर ती फेकू नका.

नावातली अक्षरं वाचा

मोठा आकडा म्हणजे गेमसाठी चांगला, असं नाही. रायझन ५६०० मध्ये एल३ कॅश ३२ एमबी आहे. ५६००जी आणि ५७०० मध्ये १६ एमबी. ५८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी आहे, म्हणून तो गेममध्ये इतका पुढे. पण त्याच्या खोक्यात कूलर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल, जसं आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

सीमा ओलांडली तरी कर तोच

जळगावला घ्या की इंदूरला, प्रोसेसरवर जीएसटी १८ टक्केच आहे. "बिल नको, कमी करतो" म्हणणाऱ्याकडे वाचलेले पैसे वॉरंटीच्या वेळी महागात पडतात. खोकाबंद प्रोसेसरवर एएमडी आणि इंटेलची साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते. सुट्या, म्हणजे ट्रे मालाची जबाबदारी विकणाऱ्यावर असते. ते दुकान दोनशे किलोमीटरवर असेल तर एका फेरीतच बचत संपते.

सेकंडहँड घेताना इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत जास्त सावध राहा. त्यातल्या अनेक प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा त्रास होतो, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बिल नसेल तर या वाढीव वॉरंटीचा दावा अवघड.

विंडोजचंही लक्षात घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि रायझनची २००० मालिका, त्यापुढचेच प्रोसेसर साधारणपणे येतात. रायझन ५ १६०० त्यात नाही, ५६०० आहे. अशा घरात प्रोसेसर बदलणं ही नुसती पोराची हौस राहत नाही. त्याच मशीनवर शिकणाऱ्या बहिणीचा आणि ऑनलाइन बँक बघणाऱ्या वडिलांचाही प्रश्न सुटतो.

तेव्हा क्रम सोपा ठेवा. आधी साफसफाई, मग कसोटी, मग बोर्डाची यादी आणि शेवटी दुकान. दुकानात शिरताना बोर्डाचं मॉडेल कागदावर लिहून न्या. "काहीतरी चांगला दाखवा" म्हणणाऱ्याला महागच दाखवलं जातं.