पेट्रोलची सबुरी

साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे: 'मुलगा अमेरिकेत डेन्व्हरला असतो. त्याने टर्बो इंजिनचा फोर्ड एफ-१५० पिकअप घेतलाय. तिथल्या पंपावर ८५, ८७ आणि ९१ अशी तीन बटणं असतात. आपल्याकडे तर साधं पेट्रोलच ९१चं म्हणायचे. मग अमेरिकेत आपल्यापेक्षा हलकं पेट्रोल विकतात का? आणि सुट्टीत मागे ट्रेलर लावून डोंगरात जायचं तर त्याने कोणतं बटण दाबावं?'

यातल्या पहिल्या शंकेचं निरसन लगेच होईल. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा दोन पद्धतींनी मोजतात. एकीला रिसर्च म्हणतात, दुसरीला मोटर. दुसरीची परीक्षा कडक, त्यामुळे तिचा आकडा नेहमी खाली येतो. भारतात आणि युरोपात पंपावर पहिला आकडा सांगतात, अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. आपल्या बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलला पहिल्या पद्धतीने किमान ९१ आणि दुसऱ्या पद्धतीने किमान ८१ हवेत. सरासरी ८६. म्हणजे आपलं ९१ आणि अमेरिकेचं ८७ जवळपास एकच. (आता वीस टक्के इथेनॉल मिसळल्यामुळे आपल्या साध्या पेट्रोलचा रिसर्च आकडा ९५ झाला आहे.)

कोणतं भरावं, या प्रश्नाला मात्र वेळ द्यायला हवा. कारण हा आकडा नेमकं काय मोजतो याबद्दल इथेही आणि तिथेही मोठा गैरसमज आहे.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली की सगळं मिश्रण एका झटक्यात पेटत नाही. प्लगपाशी ज्योत धरते आणि सिलिंडरच्या भिंतीकडे सरकत जाते. जळलेला वायू फुगतो आणि पुढचं न जळलेलं मिश्रण कोपऱ्यात दाबतो. दाबलं की ते तापतं. पंगतीत असंच असतं. वाढप एका टोकाकडून सुरू होतं. दुसऱ्या टोकाला बसलेल्यांना वास येतोय, भूक खवळली आहे, तरी आपल्या पानापर्यंत वाढपी येईतो हात आवरून बसायचं. मंडळींना सबुरी असली तर पंगत शिस्तीत पार पडते. नसली तर टोकाची माणसं उठतात, सगळी मिळून पातेल्यावर झडप घालतात आणि सांडलवंड होते. मागून वाढपी जितका सावकाश आणि वास जितका दरवळणारा, तितकी सबुरी लवकर सुटते.

इंजिनातल्या या झडपेला नॉकिंग म्हणतात. ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून आणि एकदम पेटतं. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटते आणि बाहेर टणटण आवाज येतो. जुनी गाडी वरच्या गिअरमध्ये घाटात रेटली की हाच आवाज यायचा. इंजिनाची गती कमी, म्हणजे मिश्रणाला तापत बसायला वेळ जास्त. भार जास्त, म्हणजे दाबही जास्त. हे दोन्ही एकत्र आले की पेट्रोलची कसोटी लागते. नॉकिंग जोरात आणि बराच वेळ चाललं तर पिस्टनच्या माथ्याला खड्डे पडतात, रिंगांमधल्या कडा तुटतात.

ऑक्टेन आकडा मोजतो ती पेट्रोलची ही सबुरी. त्यात ऊर्जेचा हिशेब नाही. इथेनॉलचंच बघा. त्याचा रिसर्च आकडा शंभराच्या पुढे जातो, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच भरते. मग जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद, हा समज आला कुठून? त्याचं मूळ खरं आहे, फक्त मधली एक पायरी गळून पडली आहे. सबुरीचं पेट्रोल मिळालं तर इंजिन बनवणारा मिश्रण जास्त दाबू शकतो, आणि जास्त दाबलेलं मिश्रण जास्त काम देतं. १९४० साली ब्रिटिश हवाई दलाने लढाऊ विमानांसाठी ८७ऐवजी १०० ऑक्टेनचं इंधन घेतलं, तेव्हा त्याबरोबर त्या विमानांच्या मर्लिन इंजिनांत हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरचा दाबही वाढवला होता. ताकद त्या वाढीव दाबातून आली. पेट्रोलने तो दाब सहन केला. जे इंजिन दाब वाढवूच शकत नाही, त्यात १०० ऑक्टेन ओतून ती सबुरी खर्चच होत नाही.

हा आकडा ज्याने दिला त्या माणसाविषयी मला मनापासून लिहायचं आहे, कारण पेट्रोलच्या इतिहासात सगळा उजेड दुसऱ्याच्याच अंगावर पडला आहे. तो दुसरा म्हणजे थॉमस मिजली. ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली १९१६पासून तो नॉकिंगच्या मागे लागला होता. आयोडीनपासून सुरुवात करून असंख्य पदार्थ चाखवत ९ डिसेंबर १९२१ रोजी तो शिशाच्या एका संयुगापाशी पोचला. चिमूटभर टाकलं की आवाज बंद. इथाइल अल्कोहोलनेही नॉकिंग थांबतं हे त्याला आणि केटरिंगला ठाऊक होतं, पण अल्कोहोलचं पेटंट कोणाला मिळणार? शिसं बाजारात आलं. १९२४च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही ते विष पुढे अनेक दशकं जगभरच्या मुलांच्या रक्तात जात राहिलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, जगातला शेवटचा देश अल्जीरिया २०२१मध्ये थांबला.

हे शिशाचं संयुग विकणाऱ्या इथाइल कंपनीत ग्रॅहम एडगर नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याच्यापुढची अडचण कमी नाट्यमय पण मुळातली होती: कोणतं पेट्रोल किती नॉक करतं हे सांगायला मोजपट्टीच नव्हती. इंग्लंडात हॅरी रिकार्डो टोल्यूईनशी तुलना करायचा. बाकी प्रयोगशाळा आपापल्या इंजिनावर, आपापल्या कानांनी ठरवायच्या. पेट्रोल हे शेकडो संयुगांचं मिश्रण, दर विहिरीचं वेगळं. त्याच्याशी त्याचीच तुलना करून काय हाती लागणार?

एडगरने १९२६मध्ये सुचवलेली युक्ती इतकी देखणी आहे की ती मी कितीही वेळा वाचू शकतो. त्याने दोन शुद्ध द्रव घेतले. एक नॉर्मल हेप्टेन: कार्बनच्या सात अणूंची सरळ साखळी, तापली की फार लवकर पेटणारी. त्याला शून्य गुण. दुसरा आयसोऑक्टेन: कार्बनचे आठ अणू, पण साखळी ठिकठिकाणी फांद्या फुटलेली आणि आटोपशीर, चटकन न पेटणारी. त्याला शंभर. आता कोणतंही पेट्रोल घ्या, आणि या दोघांचं कोणतं मिश्रण त्याच्याइतकंच नॉक करतं ते शोधा. मिश्रणात ८७ भाग आयसोऑक्टेन निघालं तर आकडा ८७. यातली खरी कमाल उकळबिंदूंमध्ये आहे. हेप्टेन ९८ अंश सेल्सिअसच्या थोडं वर उकळतं, आयसोऑक्टेन ९९च्या. म्हणजे बाष्पीभवनाच्या बाबतीत दोघं जवळजवळ जुळे, किलोमागे ऊर्जाही जवळपास सारखीच. वेगळेपणा फक्त सबुरीत. मोजायची ती एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं स्थिर ठेवायचं, हा प्रयोगशास्त्राचा पहिला धडा त्याने निसर्गात शोधून काढला.

'निसर्गात' हे शब्दशः खरं आहे. एडगरचं शुद्ध हेप्टेन झाडातून आलं. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या उतारांवर जेफ्री पाइन वाढतो. सालीला नाक लावलं तर व्हॅनिलासारखा वास येतो. इतर पाइनच्या डिंकातून टर्पेंटाइन निघतं, या झाडाच्या डिंकातून जवळपास निव्वळ हेप्टेन. एकोणिसाव्या शतकात टर्पेंटाइन काढणारे लोक जेफ्री पाइनला शेजारचा पॉन्डेरोसा पाइन समजून एकाच भट्टीत डिंक घालायचे, आणि भट्ट्यांचे स्फोट व्हायचे. ज्याने भट्ट्या उडवल्या तो द्रव पुढे साऱ्या जगाच्या पेट्रोलचा शून्य ठरला. आयसोऑक्टेन मात्र एडगरने प्रयोगशाळेत बनवलं.

मोजपट्टी झाली, आता मोजायला यंत्र हवं. ते १९२८-२९मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा कंपनीने बनवलं, आणि त्याच आराखड्याची इंजिनं आजही तेलशुद्धीकरण कारखान्यांत ऑक्टेन मोजतात. एकच सिलिंडर, सहाशे घनसेंटिमीटरच्या आसपासचा, आणि इंजिन चालू असतानाच तो सिलिंडर वरखाली सरकवून मिश्रण किती दाबायचं ते बदलता येतं. रिसर्च चाचणीत ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालतं, आत येणारी हवा ५२ अंशांची. मोटर चाचणीत ९०० फेऱ्या आणि मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवलेलं. पंपावरच्या पाटीवरचा प्रत्येक आकडा अखेर अशा एखाद्या इंजिनाच्या धडधडीतून आलेला असतो. मिजलीचं नाव निदान बदनामीने तरी उरलं. ज्याच्या मोजपट्टीवर जगभर रोज पेट्रोल विकलं जातं, त्या एडगरचं नाव शालेय पुस्तकातही नाही, आणि हे मला सलतं.

आता डेन्व्हरचा ट्रक. आजच्या इंजिनाच्या ठोकळ्यावर सुपारीएवढा एक सेन्सर बोल्टने घट्ट बसवलेला असतो. नॉकिंगचा कंप लागला की त्यातल्या स्फटिकात विजेचा दाब तयार होतो आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. त्यामुळे साध्या पेट्रोलवर इंजिन मोडत नाही, थोडी ताकद सोडून देतं. उलट बाजूने, ८७वर नॉकिंग होतच नसेल तर ९१ भरून काहीही मिळत नाही. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम भरून तपासलं. त्यात टोयोटा टुंड्रा हा व्ही-८ पिकअपही होता. सांगण्याजोगा फायदा कोणातच दिसला नाही. अमेरिकन चालक अशा अनाठायी प्रीमियमवर वर्षाला दोन अब्ज डॉलरहून अधिक उधळतात, असा त्यांचा अंदाज होता. दुसऱ्या वर्षी, ज्यांचे उत्पादक प्रीमियम सुचवतात पण सक्ती करत नाहीत अशा गाड्या घेतल्या. त्यात टर्बो एफ-१५० होता. ताकद सरासरी १.४ टक्के आणि मायलेज सरासरी २.७ टक्के वाढलं. दरातला फरक यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

एरवी या आकड्यांवर निर्णय संपला असता, पण ट्रेलर आला की चित्र पालटतं. फोर्डच्या पुस्तिकेत रोजसाठी ८७ आणि जड ओढणीसारख्या कामात उत्तम कामगिरीसाठी प्रीमियम असं सांगितलं आहे, आणि ते जाहिरातीचं वाक्य नाही. डेन्व्हरहून आय-७० रस्त्याने आयझेनहॉवर बोगद्याकडे निघालं की चढ सुमारे ३,४०० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. मागे दोन-तीन टनांचा ट्रेलर, उन्हाळा, टर्बो पूर्ण दाबाने हवा कोंबतोय. अशा वेळी ८७वर संगणक ठिणगी मागे मागे नेत राहतो, जोर घटतो आणि एक्झॉस्ट तापत जातो. इथे ९१चा प्रत्येक पैसा कामाला लागतो. इंजिन बदललं की उत्तरही बदलतं: रॅम ट्रकच्या ५.७ लिटर हेमी इंजिनाला कंपनी मधलं ८९ सुचवते. त्यामुळे पेट्रोलच्या टाकीचं झाकण आणि पुस्तिकेचं पान, हेच प्रमाण मानावं. आपल्याकडचे बहुतेक पिकअप डिझेलचे, त्यांना हा प्रश्नच नाही. डिझेलला आपणहून चटकन पेटणंच हवं असतं आणि त्याची मोजपट्टी, सिटेन, नेमकी उलटी आहे.

उरलं ते ८५चं बटण, आणि त्यापासून मुलाने दूरच राहावं. डेन्व्हर सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ८३ टक्के. कार्ब्युरेटरच्या जमान्यात विरळ हवा म्हणजे सिलिंडरमध्ये कमी मिश्रण, कमी दाब, म्हणून तिथे ८५ निभावून जायचं. टर्बो इंजिन मात्र ती विरळ हवा दाबून उंचीची सवलत स्वतःच भरून काढतं. विक्री जुन्या सवयीने चालू राहिली आहे. फोर्डची पुस्तिका ८७च्या खालचं पेट्रोल, उंच प्रदेशात 'रेग्युलर' म्हणून विकलं जात असलं तरी, वापरू नका असं स्पष्ट सांगते.

आणि चुकून ८५ भरलंच गेलं तर टाकी उपसायची गरज नाही. दोन पेट्रोल एकत्र केली की आकडा जवळपास सरासरीने उतरतो. त्या दिवशी ट्रेलर न लावता, ॲक्सिलरेटर हलका ठेवून गाडी चालवावी आणि टाकी अर्धी झाली की वरून ९१ भरावं. आत सुमारे ८८चं मिश्रण तयार होईल.